केळीचे शास्त्रीय नाव

रावेर-यावल भागातील शेतकरी केळीला बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन अशा नावांनी ओळखतात. ही वाणांची नावे होत. वनस्पतिशास्त्रीय नाव मात्र दोन पदांचे असते. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये ही पद्धत रूढ केली आणि केळीला 'म्युसा पॅरॅडिसियाका' हे नाव दिले. म्युसा ही प्रजाती म्युसेसी कुलातील असून ते कुल आले-हळदीच्या गणात मोडते. केळीचे 'खोड' म्हणजे पानांच्या तळांचे एकात एक बसलेले वेढे. त्यामुळे ती वृक्ष नसून प्रचंड आकाराची ओषधी ठरते.

लिनियसने नाव दिलेली केळी मुळात संकरज होती. लागवडीतील बहुतेक केळी म्युसा ॲक्युमिनाटा व म्युसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींपासून उपजल्या आहेत. त्यांना अनुक्रमे 'ए' व 'बी' ही अक्षरे देऊन सिमंड्स आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये गुणसूत्रसंचांनुसार गट पाडले. जळगावचे उपरोक्त तिन्ही वाण 'एएए' गटातील, म्हणजे तिन्ही संच ॲक्युमिनाटाचे. त्यांना पॅरॅडिसियाका म्हणणे, पुस्तकांत कितीही वेळा छापले गेले तरी, योग्य नव्हे.

हा केवळ शब्दच्छल नाही. तिन्ही वाण एकाच कॅव्हेंडिश उपगटातील आहेत. फळात बी नसल्याने लागवड कंदांपासून वा ऊतिसंवर्धित रोपांपासून होते. साहजिकच वाणातील झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखी असतात. पनामा मर रोगाचा 'टीआर ४' हा प्रकार कॅव्हेंडिश केळीलाही ग्रासतो. तो शेतात शिरल्यास बसराई काढून ग्रँड नैन लावणे हा उपाय ठरत नाही.