दुष्फेन पाणी आणि मुठीचे माप

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी इतिहासावर एक लेख असतो. पेशवे झाले, गायकवाड झाले, अहमदाबादेतील मराठी वाड्यांवरही लिहून झाले. यंदा संपादक मंडळींनी "तुम्ही रेल्वेवाले, काहीतरी वेगळे द्या" असे सुचवले. मी विषय सांगितला तेव्हा बैठकीत हशा पिकला. बादलीत कपड्यांची पावडर किती घालावी, हा तो विषय! हसणे साहजिक आहे. पण या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या अहमदाबादेत लिहिले गेले आहे, आणि त्याचे चटके अजून कोणाच्या ना कोणाच्या तळहाताला बसत आहेत.

मराठी शाळेत शिकलेल्यांना 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी आठवत असेल. पाठ करताना जीभ वळत नसे, पण शब्द नेमका आहे. ज्यात साबणाला चांगला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. म्हणजे पाण्याची परीक्षा फेसाने करायची. ही परीक्षा मापात बसवली अ‍ॅबर्डीनच्या मार्शल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी. चुना घालून पाणी सुफेन करण्याच्या रीतीचे पेटंट त्यांनी १८४१ मध्ये घेतले आणि त्याच सुमारास साबणाची चाचणी बसवली. बुचाच्या बाटलीत मोजून पाणी घ्यायचे, त्यात ठरलेल्या ताकदीचे साबणाचे द्रावण थोडे थोडे सोडायचे आणि दर वेळी बाटली हलवायची. बाटली आडवी ठेवल्यावर फेस पाच मिनिटे टिकला की थांबायचे. जितके द्रावण लागले तितके पाणी दुष्फेन. एका गॅलनला एक ग्रेन चुनखडी म्हणजे एक क्लार्क अंश.

वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरच्या पाण्यासाठीही अशीच चाचणी वापरली जाई. बॉयलरच्या नळ्यांवर खपली धरली की कोळसा जास्त जळतो आणि नळी तापून फुटण्याची भीती असते. म्हणून पाणी भरण्याआधी तपासायचे आणि हिशोबाने सोडा अ‍ॅश टाकायची. मी डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा वाफेची इंजिने जवळजवळ गेलेली होती, पण आमचे जुने फोरमन ही बाटली हलवण्याची रीत हाताने करून दाखवत. पुढे स्वित्झर्लंडमध्ये श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात इडीटीएची रीत आणली, आणि लाल रंग निळा झाला की थांबायचे एवढेच काम उरले. साबणाची बाटली कपाटात गेली.

आता हिशोब बघा, कारण सगळी गोम त्यातच आहे. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम आधी साबण खातात आणि त्याचा चिकट राखाडी साका करतात. त्यांची भूक भागल्यावरच उरलेला साबण फेस देतो आणि मळ काढतो. एका लिटरला ३०० मिलिग्रॅम चुनखडी असलेले पाणी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात २०० ही इष्ट आणि ६०० ही शेवटची मर्यादा आहे, म्हणजे ३०० काही विशेष नाही. दहा लिटरच्या बादलीत ती चुनखडी तीन ग्रॅम भरते. तेवढीला गप्प करायला सुमारे १८ ग्रॅम शुद्ध साबण खर्च होतो, आणि एकही कपडा भिजवण्याच्या आधी! बोरचे पाणी ६०० चे असेल तर ३६ ग्रॅम. म्हणजे साबणाची मात्रा कपड्यांच्या मळापेक्षा पाणीच अधिक ठरवत होते.

आपल्या आज्या-पणज्यांना ग्रेन आणि गॅलन माहीत नव्हते, पण ५०१ बार घासताना हाताला फेस लागेपर्यंत घासायचा हे त्यांना पक्के ठाऊक होते. हा अडाणी ठोकताळा नव्हता. प्रा. क्लार्क बाटलीत जे करत होते तेच त्या धोंड्यावर करत होत्या. फेस आला म्हणजे पाण्याची भूक भागली, आता साबण पुरे. विहिरीचे पाणी जड असेल तर त्या धुण्याचा सोडा टाकत. सोडा स्वस्तात चुना खाली बसवतो आणि महागडा साबण वाचतो. यात चूक काढायला कोणा इंजिनियरला जागा नाही.

मग घोटाळा कुठे झाला? तो झाला पावडरीबरोबर. पहिल्या महायुद्धात चरबीची टंचाई झाली तेव्हा जर्मनीत साबणाला पर्याय शोधणे सुरू झाले. त्या वाटेने पुढे १९४६ मध्ये अमेरिकेत टाइड आली. तिच्यात मळ काढणाऱ्या द्रव्याच्या जोडीला भरपूर फॉस्फेट होते, जे कॅल्शियमला धरून ठेवते. साका नाही, राखाडी थर नाही. आपल्याकडे हिंदुस्तान लीव्हरने १९५९ मध्ये सर्फ आणली. या कृत्रिम द्रव्यांना जड पाण्यातही फेस येतो. फेस आला म्हणजे मात्रा पुरी झाली, हा संबंध इथे तुटला. गेजची नळी काढून टाकावी आणि काटा मात्र झोकात हलता ठेवावा, तसा प्रकार. उलट गिऱ्हाईक फेसावर भाळते म्हणून उत्पादकांनी फेस जपला, वाढवला, जाहिरातीत डोंगरासारखा दाखवला. गेज बंद झाल्याचे मात्र बायकांना कोणी सांगितले नाही.

आता आपले अहमदाबाद. गुजरात सरकारच्या भूविज्ञान व खनिकर्म खात्यात रसायनज्ञ असलेल्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये घरच्या आवारात हाताने पावडर मिसळली आणि सायकलवरून विकली. मुलगी निरुपमा, तिच्यावरून नाव निरमा. किंमत तीन-साडेतीन रुपये किलो, त्या वेळच्या मोठ्या कंपनीच्या पावडरीच्या पाव-तृतीयांश. ज्या घरात पावडर शिरणे शक्य नव्हते तिथे ती शिरली, हे मोठेच काम झाले. त्या पावडरीचा बराचसा भाग सोडा अ‍ॅश होता. अहमदाबादच्या खारट बोरला सोडा हवाच होता, तेव्हा रसायनज्ञाचे गणित बरोबरच होते. पण सोडा हाताला सोलतो. स्वस्त आहे म्हणून मूठभर, फेस कमी वाटला म्हणून आणखी मूठभर, आणि तेवढा सोडा तळहातावर. आमच्या चाळीत हिवाळ्यात बायकांच्या बोटांना भेगा पडत आणि दोष थंडीला दिला जाई.

१९८० च्या दशकात निरमा विक्रीत सर्फच्या पुढे गेली तेव्हा उत्तर म्हणून ललिताजी आल्या. कविता चौधरींनी रंगवलेल्या (२०२४ मध्ये त्या गेल्या) त्या निळ्या काठाच्या साडीतल्या ठसकेबाज बाई आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. त्यांचे म्हणणे काय होते? अर्धा किलो सर्फ ही साध्या एक किलो पावडरीच्या बरोबरीची आहे. किलोची किंमत बघू नका, एका धुण्याला किती लागते ते बघा. मला वाटते, मात्रेचा प्रश्न आपल्या देशात इतक्या जोरात त्याआधी कोणी मांडला नसेल. पण मोजायचे कशाने, हे ललिताजींनीही सांगितले नाही.

ते सांगितले जपानने. बिवा सरोवरात १९७७ मध्ये शेवाळाने पाणी लाल झाले. पावडरीतील फॉस्फेट हे त्याचे एक कारण ठरले, आणि तिथल्या बायकांनी मोठी चळवळ उभारली. शिगा प्रांताने १९८० पासून फॉस्फेटची पावडर बंद केली. मग १९८७ मध्ये काओ कंपनीने अटॅक ही घट्ट पावडर काढली. तीस लिटर पाण्याला पूर्वी ४० ग्रॅम लागे, ते आता २५, आणि आकारमान तर पावपटच. म्हणून खोक्यातच मापाचा चमचा ठेवला, कारण जुन्या अंदाजाने वाटीभर घातली असती तर चौपट पडली असती. आपल्याकडे एरियल १९९१ मध्ये आली आणि घट्ट पावडरींची लाट सुरू झाली. चमचा आला, पण मूठ काही गेली नाही.

जर्मनीने तर १९७५ मध्ये कायदाच केला. पाणीपुरवठा करणाऱ्याने पाणी किती दुष्फेन ते ग्राहकाला कळवायचे आणि उत्पादकाने त्यानुसार मात्रा पाकिटावर छापायची. २००४ च्या नियमाने ही पद्धत सगळ्या युरोपीय संघात गेली. तिथे लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेले की पाणी 'कठीण'. आपल्या पाकिटांवर बादलीला किती चमचे ते असते, पण पाणी कोणते ते क्वचितच दिसते.

म्हणून मी फोरमनची बाटली पुन्हा काढली. साधा साबण पाण्यात विरघळवून ड्रॉपरने थेंब मोजले. पागोळीच्या पाण्याला ५, नर्मदेच्या नळाला १४, कॉलनीच्या बोरला ५२. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या बेन दोन्ही पाण्यांना सारखीच मूठ टाकत. मूठ वजन केली तर साठ ग्रॅम भरली. घरात सल्लामसलत होऊन ठरले की धुणे नळाच्या दिवशीच काढायचे आणि पावडर पाकिटावरच्या चमच्याने, तीही सपाट. पहिल्या दिवशी बेनची तक्रार आली, "साहेब, आमां फीण ज नथी आवतुं." मी म्हटले, कपडे बघा. कॉलर घासून त्यांनीच उजेडात धरली आणि काही न बोलता दोरीवर टाकली.

जास्त पावडरीने कपडा जास्त स्वच्छ होत नाही. ती धाग्यात राहते, घामाबरोबर अंगाला खाज आणते, टॉवेल कडक करते आणि खळबळायला दोन बादल्या जास्त लागतात. पुढच्या दाराच्या मशीनमध्ये तर फेसाची गादी होऊन कपडे आपटतच नाहीत. उरलेला फेस नाल्यात जातो. दिल्लीला छठपूजेच्या सुमारास यमुनेवर बर्फासारखा थर दिसतो, त्यात न शुद्ध केलेल्या सांडपाण्यातील पावडरीचा वाटा मोठा असतो.

ज्यांच्याकडे फक्त बोर आहे त्यांनी चमचा थोडा जास्त घ्यावा. तिथे कमी घातली तर मळ परत कपड्यावर बसतो. तपासणी सोपी आहे. पहिल्यांदा खळबळून झाल्यावर कपडा स्वच्छ पाण्यात बुडवून पिळावा. दाट फेस आला तर पुढच्या वेळी अर्धा चमचा कमी. असे दोन-तीन धुण्यांत आपले माप सापडते. आमचे नळाच्या पाण्याला एका बादलीस पाऊण चमच्यावर स्थिरावले आहे. बाटली आणि ड्रॉपर सध्या बी ब्लॉकमध्ये वहिनींकडे फिरतीवर आहे, कोणाला हवी असल्यास मागून घ्यावी. बेनच्या अंगठ्याची भेग या हिवाळ्यात भरून आली. दुसऱ्या दोन घरी अजून मूठच चालते, असे त्या सांगत होत्या.