तळटीप १७ : खुतब्यातले नाव

१७. खुतबा म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या वेळचे प्रवचन. त्यात राज्यकर्त्याचे नाव घेण्याची प्रथा होती. १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क बहमनींपासून फुटला आणि एलिचपूर (आजचे अचलपूर) वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी झाले. सत्ता पालटल्याचे शहराला कळायचे ते खुतब्यातल्या अशा नावातून. वर्तमानपत्राला वाचक लागतो. हे नाव निरक्षराच्याही कानी पडे, आणि तेही प्रार्थनेच्या जागी, जिथे हुज्जत घालायला कोणी उभे राहत नाही. संमती अशी नकळत, आठवड्यागणिक मुरत जाते, हे मला या प्रथेतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. मशिदीबाहेरच्या रयतेसाठी राज्यकर्त्याच्या नावाचे नाणे होतेच. हैदराबादच्या निजामाने खुतब्याची ही ताकद ओळखली होती. निजामाच्या मुलखातल्या वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होता. तरी इंग्रजांशी झालेल्या १९३६ च्या करारात वऱ्हाडातल्या मशिदींत आपल्या नावाने खुतबा वाचला जाण्याचा हक्क त्याने राखून घेतला. — संपादक