दोषाचे आणे

मोटरसायकल रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली असते, पुढच्या दिव्याच्या काचा डांबरावर विखुरलेल्या असतात, जखमी माणसाला केव्हाच इस्पितळात हलवलेले असते; आणि मग हवालदार खिशातून मोजपट्टी काढून, वाटेने जाणाऱ्या दोघांना पंच म्हणून उभे करून, रस्त्याच्या कडेपासून चाक घासल्याच्या काळ्या खुणेपर्यंतचे अंतर मोजू लागतो आणि 'समक्ष', 'सदरहू', 'नमूद' या शब्दांच्या आधाराने निमिषार्धात घडून गेलेल्या गोष्टीचा दस्तऐवज तयार करतो. भोवतालच्या गर्दीचा निवाडा त्यापूर्वीच झालेला असतो : ज्याचे वाहन थोरले, त्याचा गुन्हा. फिर्यादीतही 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने' हे शब्द नांदीसारखे ठरलेले असून त्यांचे मूळ 1860 च्या दंडसंहितेत आहे. निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूसाठी स्वतंत्र कलम मात्र त्या संहितेत 1870 साली मागाहून घातले गेले.

वाहनाखाली माणूस सापडला तर जबाबदार कोण, हा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस वा चाक मोडले, कासरा तुटला, किंवा हाकणाऱ्याने 'बाजूला व्हा' अशी आरोळी दिली होती, अशा दहा प्रसंगी दंड नाही असे सांगून, पुढे अकुशल सारथी नेमणाऱ्या मालकाला 200 पण, सारथी कुशल असेल तर खुद्द त्यालाच दंड, आणि अकुशल सारथ्याच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला 100 पण अशी वाटणी केलेली आहे. आरोळीने माफी मिळावी ही तरतूद वाचताना आपले कित्येक वाहनचालक अद्याप मनूच्याच राज्यात राहतात, असे वाटल्यावाचून राहत नाही; कर्णा वाजवला की कर्तव्य संपले! विनोद बाजूला ठेवला तरी मालक, चालक आणि प्रवासी या तिघांचा दोष वेगवेगळा मोजण्याची ही दृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या न्यायालयांनी पुढे जो विचार स्वीकारला तो मात्र इंग्लंडातून आला, आणि त्याच्या आरंभी उभा आहे तो एक घोडेस्वार. डर्बी गावात एका माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात वासा आडवा टाकला होता. ऑगस्टातल्या एका सांजवेळी, घरोघर मेणबत्त्या लागू लागल्या असताना, परंतु शंभर यार्डांवरून अडथळा दिसावा इतका उजेड शिल्लक असताना, जवळच्याच पानगृहातून निघालेला एक स्वार भरवेगाने आला, वाशाला धडकला आणि घोड्यासकट कोसळून जबर जखमी झाला. 1809 साली न्यायालयाने त्याला एक पैही दिली नाही. वासा टाकणाऱ्याची चूक होतीच. पण स्वाराने सामान्य सावधगिरी बाळगली असती तर अपघात टळला असता, एवढ्यावरून त्याचा सगळा दावा बुडाला. दोष असला तर तो सोळा आणे, एक आणाही स्वतःकडे निघाला तरी पदरी शून्य, असा हा हिशेब होता. पुढे 1842 मध्ये पुढचे पाय बांधून हमरस्त्यावर चरायला सोडलेल्या एका गाढवाच्या मृत्यूने तो थोडा सैल झाला : जनावर तसे सोडणे चूक खरे, पण गाडीवानाला ते टाळता येत होते, मग भरपाई त्यानेच द्यावी. दोष प्रत्यक्ष वाटून घेण्याचा कायदा मात्र इंग्लंडात 1945 साली झाला.

आपल्याकडे साऱ्या देशासाठी तसा कायदा झालाच नाही. परंतु न्यायासनांनी त्यातले तत्त्व उचलले. मोटरसायकल व बस यांच्या टकरीच्या एका प्रकरणात मध्यप्रदेशच्या उच्च न्यायालयाने सत्तरीच्या दशकात ते सविस्तर मांडले. स्वाराचा वेग किती, बसचालकाने चौकात काय पाहावयास हवे होते, याचा विचार करून भरपाईतून स्वाराच्या वाट्याचा दोष वजा करावा, उरलेली रक्कम वारसांना द्यावी. 1957 च्या एप्रिलात दशमान पद्धत आली आणि आणे हळूहळू चलनातून गेले. पण वकिलांच्या बोलण्यात 'आठ आणे तुमचे, आठ आणे आमचे' ही भाषा टिकून राहावी, इतकी ती या हिशेबाला चपखल आहे.

त्याच सुमारास दुसराही बदल घडत होता. 1939 च्या मोटार कायद्यातील तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती 1 जुलै 1946 पासून अमलात आली, 1956 च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली, आणि वारसांची दिवाणी न्यायालयातली पायपीट कमी झाली. फौजदारी न्यायालयाला दोष संशयापलीकडे सिद्ध झालेला हवा असतो. न्यायाधिकरणाला तागडीचे कोणते पारडे जड एवढे पाहून भागते. त्यामुळे फौजदारीत निर्दोष सुटलेला चालक भरपाईच्या दाव्यात दोषी ठरल्याचे पाहून पक्षकार बुचकळ्यात पडतात. मात्र दोष सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच राहिला, आणि मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली तो पुन्हा ठामपणे अधोरेखित केला. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा साक्षीदार नवऱ्यामागे उरलेल्या बाईने आणावा कोठून? संसदेने 1982 मध्ये दोषाचा प्रश्न न काढता मृत्यूसाठी 15,000 आणि कायमच्या अपंगत्वासाठी 7,500 रुपये देण्याची तरतूद केली. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती, पण दोष सिद्ध झाल्यावाचून कवडी नाही हा जुना नियम तिने मोडला.

आणि तरीही आण्यांचा हिशेब संपलेला नाही. एका मोटरसायकलवर तिघे जण बसले होते, मागून आलेल्या मोटारीने धडक दिली, मागे बसलेला एक जण दगावला. कायद्याने चालकामागे एकालाच बसता येते, म्हणून उच्च न्यायालयाने दहा टक्के, म्हणजे जुन्या मोजणीने दीड आण्याहून थोडी अधिक, भरपाई कापली. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ती कपात रद्द केली : तिघे बसणे हा नियमभंग खरा, पण त्या तिसऱ्या माणसामुळे धडक बसली, किंवा तिचा आघात वाढला, याचा पुरावा कोठे आहे? अकुशल सारथ्याच्या गाडीत बसला म्हणून ज्याच्याकडून मनूने 100 पण घेतले असते, त्याच्या वारसांना कापलेले दहा टक्के परत मिळाले.