लुपस, गरोदरपण आणि उपदंशाची 'खोटी' टेस्ट

रिव्ह्यू लिहिताना १९८० च्या मागे सहसा कोणी जात नाही. मीही जात नव्हते. पण लुपस असलेल्या बायकांचे गर्भ वारंवार का दगावत, हे शोधायला बसले आणि पोचले थेट उपदंशाच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रक्ततपासणीपाशी.

१९०६ मध्ये जर्मनीत ऑगस्ट वासरमान आणि सहकाऱ्यांनी ही टेस्ट आणली. सुरुवातीला तिच्यासाठी उपदंश झालेल्या मृत अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरत. समज असा की अर्कात जंतू आहेत आणि रुग्णाच्या अँटिबॉडी त्यांनाच ओळखतात. पण लवकरच दिसलं, की निरोगी हृदयाच्या अर्कावरही टेस्ट चालते! म्हणजे ती जंतू ओळखतच नव्हती. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी गाईबैलांच्या हृदयातून तो नेमका पदार्थ वेगळा केला: कार्डिओलिपिन, एक फॉस्फोलिपिड.

तोवर अमेरिकेत टेस्ट कायद्यात शिरली होती. कनेक्टिकटने १९३५ मध्ये ती लग्नाआधी सक्तीची केली; १९३८ मध्ये न्यूयॉर्कसारख्या राज्यांनी गरोदर बायकांसाठी तसाच कायदा केला. आता विचार करा, उपदंश कधीच न झालेल्या बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तिचं कोण ऐकणार? १९४९ मध्ये नेल्सन आणि मेयर यांनी प्रत्यक्ष जिवंत जंतूंवरची टेस्ट काढली, तेव्हा कुठे खरे आणि खोटे पॉझिटिव्ह नीट वेगळे करता येऊ लागले. एरवी खोटा पॉझिटिव्ह म्हणजे टाकून द्यायचा डेटा. जॉन्स हॉपकिन्समध्ये जोसेफ मूर यांनी तो टाकला नाही. अशा लोकांना ते नंतरही तपासत राहिले, आणि त्यातल्या काहींमध्ये पुढे लुपस उघड झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत चांगलं काम हेच. तसं फारसं चमकदार नाही, नुसता पाठपुरावा.

दुसरा धागा रक्त गोठण्याचा. १९५२ मध्ये कॉन्ली आणि हार्टमन यांनी लुपसच्या दोन रुग्णांचं रक्त परीक्षानळीत उशिरा गोठतं असं नोंदवलं. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये बोमाँ यांनी असाच दोष आणि वारंवार गर्भपात एकत्र दिसल्याचं मांडलं. १९७२ मध्ये या दोषाला 'लुपस अँटिकोॲग्युलंट' हे नाव मिळालं, आणि ते दोन्हीकडून फसवं आहे. तो असलेल्या अनेकांना लुपस नसतो, आणि शरीरात तो रक्त पातळ करत नाही, उलट गुठळ्या करतो! परीक्षानळीत गोठण्यासाठी फॉस्फोलिपिड लागतं, ते या अँटिबॉडी अडवून धरतात, म्हणून तिथे उशीर होतो. शरीरात मात्र त्या प्लेटलेट आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर चेतवतात. १९६३ मध्ये बोवी आणि सहकाऱ्यांच्या पेपरचं शीर्षकच असं होतं, की अँटिकोॲग्युलंट असूनही लुपसमध्ये गुठळ्या होतात. त्या 'असूनही'च्या जागी 'मुळे' यायला पुढची वीस वर्षं गेली. १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये हॅरिस, घरावी आणि ह्यूज यांनी कार्डिओलिपिनविरुद्धच्या अँटिबॉडी थेट मोजायची पद्धत दिली आणि दोन्ही धागे जुळले.

मधल्या काळात लुपस असलेल्या बाईला डॉक्टर सरळ सांगायचे, मूल होऊ देऊ नका. त्यामागे भीती होतीच: १९६० ते ६५ च्या अभ्यासांत सरासरी ४३ टक्के गर्भ दगावत होते. २०००-०३ पर्यंत ते प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. श्रेय एकट्या अँटिबॉडीच्या शोधाला देऊ नका. मूत्रपिंडावरचे उपचार, रक्तदाबावरचं लक्ष, नवजात बाळांची काळजी, सगळंच सुधारलं होतं.

उपचारांत १९९७ चा राय आणि सहकाऱ्यांचा लंडनचा प्रयोग जरूर वाचा. वारंवार गर्भपात आणि या अँटिबॉडी असलेल्या ९० बायका. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्क्यांना जिवंत बाळ झालं, हेपॅरिन जोडल्यावर ७१ टक्क्यांना. मात्र निवड अँटिबॉडीवरून होती, लुपसवरून नाही, त्यामुळे हा आकडा लुपसला सरसकट लावता येत नाही. (सेमिनारमध्ये ही चूक मी स्वतः केली आहे.) मग वाटलं, हेपॅरिन वारेतल्या गुठळ्या थांबवतं, झालं! पण २००४ मध्ये जिरार्डी आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये दाखवलं, की रक्त पातळ करणारी इतर औषधं गर्भ वाचवत नाहीत. हेपॅरिन वाचवतं ते कॉम्प्लिमेंट नावाची दाहसाखळी रोखून.

२०१५ मध्ये प्रॉमिस नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. लुपस असलेल्या ३८५ गरोदर बायकांपैकी ८१ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली नाही. इथेही निवड बघा: आजार शांत किंवा सौम्य असलेल्याच बायका घेतल्या होत्या, लघवीतून बरंच प्रथिन जाणाऱ्या वगळल्या होत्या. गर्भ दगावणं, वारेच्या बिघाडामुळे वेळेआधी प्रसूती, खूप लहान बाळ, यांची आगाऊ सूचना देणाऱ्या गोष्टींत रक्तदाबाची औषधं, कमी प्लेटलेट आणि चाळवलेला आजार होता. आणि त्यांच्या जोडीला होता तोच, परीक्षानळीत रक्त उशिरा गोठवणारा लुपस अँटिकोॲग्युलंट.