शहापूर-मुरबाड तालुक्यांतील जमीनविषयक परिभाषा : एक ऐतिहासिक विचार

कोणतीही नोंदपद्धती उभारावयाची म्हटली म्हणजे प्रथम शब्द ठरवावे लागतात. नोंदवही कागदाची असो की संगणकातील असो, तिच्या प्रत्येक रकान्याला नाव असते. आणि त्या नावाचा अर्थ नोंद करणारा, नोंद मागणारा व ज्याच्या नावे नोंद होते तो, या तिघांना एकच समजला आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीत खरे आहे की नाही याची तपासणी क्वचितच होते. संगणकप्रणालीच्या शास्त्रात या प्रश्नाची चर्चा अलीकडे बरीच झाली आहे. प्रणाली रचणारे आणि ती वापरणारे यांनी बोलताना व लिहिताना एकच शब्दसंग्रह वापरला पाहिजे, असा आग्रह एरिक इव्हान्स यांनी आपल्या २००३ च्या ग्रंथात धरला. प्रश्न मात्र नवा नाही. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत तो दीडशेहून अधिक वर्षे शेतकरी, महसूल खाते व वनखाते यांच्यामध्ये उभा आहे. त्याचा इतिहास थोडक्यात पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

माहुलीपासून माळशेजपर्यंतच्या या डोंगराळ मुलखात कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली व कातकरी यांची वस्ती आहे. येथील शेतीचे दोन भाग पडतात. सखल भागातील खाचरांत भात होते. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी, खुरासणी ही पिके निघतात. वरकस जमीन दोन-चार वर्षे कसावयाची आणि मग काही वर्षे पड टाकावयाची, हा जुना क्रम. भाताची रोपे ज्या तुकड्यात वाढवावयाची तेथे फांद्या, पाला, गवत व शेण यांचे थर पसरून पावसापूर्वी ते भाजून काढतात. यालाच ‘राब’ म्हणतात.

शेतकऱ्याच्या तोंडी ‘राब’ हा शब्द एकाच वेळी तीन गोष्टी सांगतो : जाळावयाचा पालापाचोळा, तो जाळलेला जमिनीचा तुकडा आणि त्यासाठी करावयाचे काम. त्याचप्रमाणे ‘वरकस’ म्हणजे केवळ हलकी जमीन नव्हे. तेथून धान्य येते, गुरांचे गवत येते आणि खाचराला लागणारा राबही येतो. खाचर आणि वरकस हे एकाच शेतीचे दोन अवयव आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या मुलखात मोजणी व जमाबंदी झाली, तेव्हा विंगेट व गोल्डस्मिड यांनी दख्खनच्या पठारावर बसविलेली पद्धत कोकणच्या डोंगराला लावण्यात आली. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर, प्रतवारी व आकार मिळाला. ‘वरकस’ हा शब्द सरकारी दप्तरात आला खरा, परंतु कमी आकाराच्या जमिनीचा एक वर्ग एवढाच अर्थ घेऊन आला. खाचराशी असलेले तिचे नाते दाखविण्यास रकाना नव्हता. शब्द टिकला आणि अर्थ गळाला.

२

या गळतीचा परिणाम वनकायद्यांच्या काळात दिसून आला. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी सरकारी वनांची आखणी झाली आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे जिल्ह्यात असंतोष इतका वाढला की, ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

राब शेतीला खरोखर आवश्यक आहे की ती केवळ रूढी आहे, हा त्या काळी मोठा वादविषय होता. तथापि वादाचे खरे मूळ दुसऱ्याच एका शब्दयुग्मात आहे. शेतकरी ज्याला ‘हक्क’ म्हणत होता त्याला वनखाते ‘सवलत’ म्हणत होते. हक्क असेल तर तो काढून घेताना कारण द्यावे लागते व भरपाईचा विचार करावा लागतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पिढ्यान् पिढ्या विनाअडथळा चाललेल्या वहिवाटीला कोणी नावच दिलेले नव्हते, कारण त्याची गरज पडली नव्हती. नाव देण्याची वेळ आली तेव्हा लेखणी एकाच पक्षाच्या हाती होती.

येथे कोशांचा उपयोग किती, हा प्रश्न साहजिक उद्भवतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून परिभाषा घडविण्याची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. विल्सन यांचा न्याय व महसूलविषयक शब्दांचा संग्रह १८५५ मध्ये, म्हणजे वरील वादाच्या तीस वर्षे अगोदर, प्रसिद्ध झालेला होता. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर शासनव्यवहाराचे मराठीकरण नेटाने सुरू झाले. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु कोश एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषेतील शब्द देतो. एकाच मराठी शब्दाचे चावडीत व बांधावर दोन अर्थ होत असतील, तर त्यांचा निवाडा कोशाच्या कक्षेत येत नाही.

३

स्वातंत्र्योत्तर काळात हा पेच सुटला नाही; उलट तो ‘वन’ या शब्दाभोवती अधिक घट्ट झाला. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ याने वनाची जी व्याख्या केली तीत झाडझुडुपांच्या जमिनीबरोबरच वनात असलेली किंवा वनाला लागून असलेली कुरणे व लागवडयोग्य जमीनही शासनाच्या घोषणेने येऊ शकत होती. पड टाकलेल्या वरकस जमिनीवर दोन-तीन पावसाळ्यांत झुडुपे माजतात. शेतकऱ्याच्या हिशेबी ती विश्रांती घेणारी शेतजमीन असते. व्याख्येच्या दृष्टीने पाहणाऱ्याला तेथे वन दिसणे अशक्य नाही.

या कायद्यातील एका शब्दावरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५० च्या दशकात काढलेली, परंतु पुढे अनेक दशके पाठपुरावा न झालेली नोटीस जमीन वनात घालण्यास पुरेशी आहे काय, असा मुंबईतील एका प्रकरणात प्रश्न होता. २०१४ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, नोटीस ‘काढणे’ यात ती संबंधितावर बजावणे अंतर्भूत आहे. एका क्रियापदाचा अर्थ निश्चित होण्यास जवळजवळ चार दशके लागली. मोठ्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढणे परवडले. दोन एकर वरकसाच्या धन्याला ते परवडणारे नव्हे.

२००६ च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. १८८० च्या दशकात नाकारला गेलेला ‘हक्क’ हा शब्द या कायद्याच्या नावातच आला. दाव्याची पडताळणी प्रथम ग्रामसभेने नेमलेली वनहक्क समिती करते. आणि पुराव्यांत सरकारी कागदांबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन, जुने बांध, विहिरी, स्मशाने व देवस्थाने यांनाही स्थान आहे. बांधावरचा शब्द पुरावा म्हणून दप्तरात येण्याची वाट कायद्यानेच खुली केली. ही वाट सर्वत्र सारखी चालली गेली असे नाही. परंतु पद्धत म्हणून ती जुन्या जमाबंदीच्या नेमकी उलट आहे.

४

आता संगणकाकडे वळू. सातबाराचे संगणकीकरण होताना हस्तलिखित व संगणकीय उताऱ्यांत तफावती आढळल्या. त्यांची दुरुस्ती व्हावी म्हणून २०१७ मध्ये राज्यभर ‘चावडीवाचन’ करण्यात आले : संगणकातील नोंदी गावासमोर मोठ्याने वाचावयाच्या आणि हरकती घ्यावयाच्या. ही रीत साधी असली तरी तीत एक गहन तत्त्व आहे. नोंद कायम होण्यापूर्वी ती ज्याची आहे त्याच्या कानावर पडली पाहिजे.

तथापि वाचले गेले ते नाव, क्षेत्र व अधिकार यांचे तपशील. रकान्यांची नावे वाचनाचा विषय नव्हती. २०२१ पासून शेतकऱ्याने भ्रमणध्वनीवरून स्वतःच पीक नोंदवावे अशी ई-पीक पाहणीची सोय झाली. नोंदीचा अधिकार शेतकऱ्याकडे आला, हे मोठे पाऊल होय. मात्र नोंद तयार यादीतून निवडावयाची असते. ‘पड’ हा शब्द तेथे ‘चालू पड’ व ‘कायम पड’ अशा रूपांत भेटतो. फिरत्या क्रमाने विश्रांती घेणारी वरकस जमीन यांपैकी कशात बसवावी? राबाचा तुकडा पिकात धरावा की पडीत? तलाठ्याच्या कागदावर समासात शेरा लिहिण्यास जागा तरी होती. जो शब्द यादीत नाही तो संगणकापुरता अस्तित्वातच नसतो. आणि आजची नोंद हाच उद्याच्या दाव्याचा पुरावा ठरतो.

५

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. समाईक परिभाषा ही भाषांतराने मिळत नाही, व उत्तम हेतूनेही मिळत नाही. नोंदीचा साचा पक्का होण्यापूर्वी सर्व पक्षांना एकत्र बसवून, शक्य तर त्या जमिनीवर उभे राहून, प्रत्येक शब्दाचा अर्थ परस्परांना सांगावयास लावला म्हणजेच ती घडते. शहापूर-मुरबाडात हा क्रम बहुधा उलटा राहिला : आधी साचा, मग शब्द आणि शेवटी भांडण. प्रणालीच्या रचनाकारांना शिकण्यासारखे या इतिहासात काही असेल तर ते हेच.

आपल्या विद्यार्थ्यांना येथे एक करण्याजोगे काम आहे. राब, वरकस, पड, दळी, वहिवाट, ताबा असे पन्नास-साठ शब्द घेऊन प्रत्येकाचा शेतकऱ्याचा अर्थ, महसुली अर्थ व वनखात्याचा अर्थ शेजारी शेजारी मांडावा, आणि जेथे तिन्ही जुळत नाहीत तेथे तसे स्पष्ट नमूद करावे. ज्यांनी वरकस जमीन हाताने कसली व राब भाजला, ती पिढी अद्याप डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या परिसरात आहे. दप्तरे पुढेही पाहता येतील. या माणसांना मात्र आताच विचारले पाहिजे.