केसलापूरच्या वडाखाली तिघांची मैफल

साल 1943. पौषातली अमावास्या तोंडावर आली आहे. उटनूरच्या बाजूनं, जंगलातल्या गाडीवाटेनं तुम्ही केसलापुरात पोचता. जिल्हा आदिलाबाद, मुलूख निजामाचा. निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कोमराम भीम जोडेघाटला मारला गेला त्याला तीन वर्षंही झाली नाहीत, आणि अनोळखी माणसाकडे लोक अजून सावधपणे पाहतात. मेस्राम कुळाची गोंड माणसं गोदावरीचं पाणी घेऊन पायी परतली आहेत. नागोबाच्या पूजेपर्यंत त्यांचा मुक्काम वडाखाली. थंडी मी म्हणते आहे. तुम्ही शेकोटीशी सरकता. चहूकडे गोंडी, तुम्हाला ओ की ठो कळत नाही.

तेवढ्यात पाठीमागून कुणी पोरावर डाफरतं, "आरं, गज कुठं ठेवला?"

चक्क मराठी. हे परधान, गोंडांचे पिढीजात गायक. घरात आपसात मराठी बोलतात, पण देवाची कथा लावतात ती गोंडीतच. यजमान गोंडाचं जे कूळ, तेच त्यांचं. म्हणून हेही मेस्रामच.

म्होरक्या किकरी अंगाशी धरतो. तीन तारा, कातडं मढवलेलं लाकूड. खुंटी पिळतो, कान लावतो, पुन्हा पिळतो. घाई नाही. मग गज फिरतो, आणि आवाज थेट माणसाच्या घशातून आल्यासारखा उमटतो. म्होरक्या कडवं टाकतो, दोघे साथीदार उचलून धरतात. मध्येच गाणं थांबवून तो कथा सांगतो, पुन्हा गज उचलतो. देव गुहेत कोंडले गेले, पहांदी कुपार लिंगालनं त्यांना सोडवलं, चार-पाच-सहा-सात भावांचे सगे, म्हणजे कुळांचे गट, ठरवून दिले. कुणी कुणाशी सोयरीक करायची, कुणाला भाऊ मानायचं, हे सगळं या गाण्यात आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला हीच कथा आणखी एका माणसासह सांगतात: हिरासुका पाटालीर. त्याच्या किंगरीच्या, म्हणजे किकरीच्याच, सुरांनी कोंडलेल्यांना बळ आलं, शिळा सरकली, आणि तो स्वतः तिच्याखाली गेला. आपल्या मूळकथेत वादकाला एवढी मोठी जागा देणारा समाज मला तरी दुसरा ठाऊक नाही.

कंपनी नाही, तबकडी नाही, पोटाला आहे ते यजमानाचं दान: धान्य, कापड, कधी बैल. आज ज्याला आपण इंडी बँड म्हणतो, त्याहून स्वतंत्र बँड तो कोणता? फरक एवढाच की यांचा श्रोता ठरलेला होता आणि दानाला बांधील होता. गाणं नुसत्या भक्तीवर टिकलं नाही. बिदागी ठरलेली होती म्हणून टिकलं.

याच काळात याच जिल्ह्यातल्या मारलवाईत एक ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ राहतो आहे. जर्मन पासपोर्टामुळे युद्धात निजामाच्या राज्यात अडकलेला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्याची पत्नी बेटी. परधानांच्या कथा तो उतरवून घेतो.

पाच वर्षं पुढं या. 1948 साली त्याचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक निघतं आणि वडाखालचं गाणं जगाच्या हाती पडतं, सुरांवाचून. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडीही निजामाच्या चाकरीत असताना गोंडी शिकले, पुढं तिचं व्याकरण लिहिलं.

आता 1981. तुम्ही मध्य प्रदेशात पाटणगडला आहात. इथले परधान बाना वाजवतात. किकरीचाच भाऊ तो. यजमान आटले, बाने भिंतीला टांगले गेले. जनगडसिंह श्याम नावाचा परधान पोरगा भिंतीवर चित्रं काढतो. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांची माणसं ती पाहतात, त्याला भोपाळला नेतात. 1989 मध्ये त्याची चित्रं पॅरिसला पोचतात. त्याच्या मागून आलेल्या भज्जू श्याम यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. बापजाद्यांनी जे गायलं तेच हे लोक रंगवतात. गाणं संपलं नाही, डोळ्यांत गेलं. पण वाद्याचं काय?

इकडे मारलवाईच्या कनक राजू यांना गोंडांच्या गुस्साडी नृत्यासाठी 2021 ची पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले. तो मान योग्यच होता. किकरीवाल्यालाही तसा मान मिळायला हवा.

येत्या पौषात केसलापूरच्या जत्रेला जाल, तर वडाखाली किकरीचा आवाज शोधा. परधानांशी मराठीत बोला. गाणाऱ्याचं नाव, गाव लिहून घ्या, परवानगी घेऊन अख्खी कथा रेकॉर्ड करा, आणि उठताना बिदागी हातावर ठेवायला विसरू नका.