चर्चमधला गोंगाट

पंक हे संगीत की नुसता गोंगाट, या वादात मी शिरत नाही. माझ्या कानाला तरी ते गोड लागत नाही. परंतु ज्या गोंगाटाला एक राजसत्ता भ्याली, त्याची हकीकत सांगण्याजोगी खचित आहे.

ही हकीकत पूर्व जर्मनीची. १९४९ साली स्थापन झालेले हे कम्युनिस्ट राज्य १९९० साली जर्मनीच्या एकीकरणात लयाला गेले. तेथे हौशी वादकालाही चारचौघांत वाजवायचे झाले तर सरकारी समितीपुढे परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागे. बर्लिनची भिंत माणसांना अडवी, पण रेडिओच्या लहरींना ती कशी अडवणार? पश्चिमेकडचे पंक पलीकडच्या पोरांनी घरबसल्या ऐकले आणि तीही गिटारी बडवू लागली.

पश्चिम जर्मनीतली पंक गाणीही पोलिसांवर आणि नव्या नाझींवर तुटून पडत. पण तेथे त्यांच्या ध्वनिमुद्रिका दुकानात विकत मिळत. पूर्वेकडे असल्या गाण्यांना परवाना कोण देणार? मग या मुलांना आसरा दिला तो चर्चने! १९७८ साली सरकार आणि प्रॉटेस्टंट चर्च यांच्यात समझोता झाला होता. त्यामुळे चर्चच्या छपराखाली थोडी मोकळीक असे. देवाधर्माशी फारसे सोयरसुतक नसलेली, केस रंगवलेली ही पोरे तेथे जमू लागली, आणि काही पाद्र्यांनी तो गोंगाट सोसला, ही त्यांची थोरवीच म्हणायची. १९८३ च्या एप्रिलअखेर हाले शहरातील एका चर्चमध्ये गावोगावचे पंक गोळा झाले. त्यांत पूर्व बर्लिनचा एक नवा वाद्यवृंद होता. नाव 'नामेनलोस', म्हणजे निनावी.

या निनावींनी गाण्यातून श्टाझीची, म्हणजे गुप्त पोलिसांची, तुलना थेट हिटलरच्या एसएसशी केली. पूर्व बर्लिनमध्ये नाझी पुन्हा अवतरले आहेत, असेही त्यांचे एक गाणे होते. फॅसिझमचा शत्रू म्हणून मिरवणाऱ्या राज्याच्या तो वर्मीच घाव! ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. गायिका याना श्लोसर हिच्या वाट्याला दीड वर्षाचा तुरुंगवास आला. कशासाठी? गाण्यातल्या चार ओळींसाठी.

त्याच वर्षी एरफुर्टजवळचा 'श्लाइम-काइम' आणि 'त्स्विचरमाशीने' या दोन वृंदांची चोरून ध्वनिमुद्रित केलेली गाणी पश्चिम बर्लिनमध्ये तबकडीवर निघाली. श्लाइम-काइमने सावधगिरी म्हणून टोपणनाव घेतले होते. पण टोपणनाव काय कामाचे? दुसऱ्या वृंदाचा कवी साशा आंडरसन हा स्वतःच श्टाझीचा खबऱ्या होता! १९९१ साली कवी-गायक वोल्फ बीरमान याने भर सभेत त्याचे बिंग फोडले, तेव्हा त्याच्या मित्रांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९९२ पासून ज्याला त्याला आपापली फाइल वाचता येऊ लागली. त्या दप्तरांत पंक पोरांची गाणीही सापडली, अधिकाऱ्यांनी शब्दन् शब्द उतरवून नीट जपून ठेवलेली.